माईक बोंबलू नये म्हणून

सकाळी ७

गोडाउनचं शटर वर गेलं की मी आधी माईकच्या पेटीत हात घालतो आणि सिलिका जेलच्या पुड्या चाचपतो. दमट लागल्या तर बदलतो. रत्नागिरीत साउंडचा धंदा करणाऱ्याची पहिली झुंज खाऱ्या हवेशी असते. केबलच्या पिना हिरवट पडतात, कनेक्टरच्या आत बारीक गंज धरतो आणि त्याचा संबंध थेट रात्री माईक मारतो त्या शिटीशी येतो. पिन नीट लागत नसली तर माईकचा आवाज बारीक येतो. मिक्सरवरचा माणूस गेन वाढवतो. कार्यक्रम रंगात असताना कोणाचा तरी पाय केबलला लागतो, पिन जागेवर बसते आणि वाढवून ठेवलेला सगळा गेन एकदम स्पीकरमध्ये उतरतो. पटांगणातली चारशे माणसं कानांवर हात ठेवतात. लोक म्हणतात, मशीन खराब आहे. खराबी त्या पिनेत असते आणि ती सकाळी सातला सापडू शकते. म्हणून प्रत्येक केबल टेस्टरला लावून, हलवून, पिळून बघायची. ज्या केबलचा दिवा क्षणभर जरी लुकलुकला ती बाजूला.

आजचं काम माघी गणपतीचं आहे. कुवारबावच्या पुढे एका वाडीतलं देऊळ, समोर पत्र्याचा मोठा मांडव. सहाला सत्कार, सव्वासातला कीर्तन, दहाला बंद. काम लहान वाटतं, पण माईकच्या दृष्टीने कठीण आहे. भाषण करणारे पाहुणे, उभा राहून फिरणारा कीर्तनकार, पेटी, तबला, झांज, हे सगळं एका पत्र्याखाली.

सकाळी ९

टेम्पो भरताना फीडबॅक प्रोसेसर सगळ्यात शेवटी, माझ्या पायाशी ठेवतो. रॅकच्या एका घरात मावणारी ही चपटी पेटी. तिच्यावर दिव्यांच्या रांगा असतात, एक दिवा म्हणजे एक फिल्टर. गाडी चालू झाली की बरोबरचा मुलगा हमखास विचारतो, "काका, ह्या मशीनला कळतं कसं, शिटी कुठची नि गाणं कुठचं?" प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. दिवसभर मी जे करतो ते त्याच्या उत्तरातूनच येतं.

माईकमध्ये गेलेला आवाज स्पीकरमधून मोठा होऊन बाहेर येतो. त्यातला थोडा परत त्याच माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा शिरतो. परत येणारा आवाज मूळ आवाजापेक्षा लहान असेल तर काही बिघडत नाही. तो मूळ आवाजाएवढा झाला, आणि लाटेवर लाट नेमकी जुळून पडली, की त्या एका कंपनसंख्येवर फेरा धरला जातो आणि माईक बोंबलतो. हाच फीडबॅक. डेन्मार्कचे भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावाने याला लार्सन परिणाम म्हणतात. लाट कुठे जुळते ते अंतरावर ठरतं. स्पीकर आणि माईक साडेतीन मीटरवर असतील तर आवाजाला तेवढं अंतर कापायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो, म्हणून साधारण दर शंभर हर्ट्झला एक जागा शिटीसाठी तयार असते. यातली कुठली जागा आधी पेटेल ते माईकचा स्वभाव, स्पीकरचा स्वभाव आणि भिंती-छप्पर मिळून ठरवतात.

मशीन सतत येणारा आवाज तपासत असतं. गाण्याच्या किंवा बोलण्याच्या सुरात मूळ कंपनाबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपसूर असतात. शिटीत सुरुवातीला ते जवळजवळ नसतात. एकच एक कंपनसंख्या, हलत नाही, वाढतच जाते. असं काही दिसलं की मशीन त्या जागी एक अरुंद फिल्टर बसवतं आणि तेवढाच आवाज खाली दाबतं. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या सेबाइन कंपनीच्या अशा यंत्रांचं नाव झालं. पुढे बेहरिंगरचं फीडबॅक डिस्ट्रॉयर आलं, डीबीएक्सची एएफएस मालिका आली आणि मग आमच्यासारख्यांच्या गाडीतही अशी पेटी दिसू लागली.

त्याआधी सगळं ३१ पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरवर चालायचं. कानाने ओळखायचं की ही शिटी ६३० ची की ८०० ची, आणि ती पट्टी खाली ओढायची. त्यात तोटा मोठा होता. तिथली एक पट्टी म्हणजे सप्तकाचा तिसरा हिस्सा. १००० हर्ट्झची पट्टी ओढली की ८९० पासून ११२० पर्यंतचं सगळं खाली जातं, म्हणजे दोन-अडीचशे हर्ट्झचा पट्टा. आताची यंत्रं सप्तकाच्या ऐंशीव्या भागाएवढा अरुंद फिल्टर टाकू शकतात. १००० हर्ट्झवर तो जेमतेम नऊ हर्ट्झ रुंद असतो. शिटी जाते आणि आवाज बराचसा शाबूत राहतो. एवढं असूनही मी मुलाला सांगतो की ही पेटी शेवटचा उपाय आहे. आजचं खरं काम साडेदहाला, ती पेटी उघडायच्या आधी होणार आहे.

सकाळी १०.३०

देवळात पोहोचल्यावर मी काही उतरवायच्या आधी मांडवात उभा राहून एक टाळी वाजवतो. टाळी पत्र्यावर आपटून झणझणत परत येते. मागे जांभ्याची भिंत, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. तीन बाजूंनी आवाज परत फेकणारी जागा. कोकणातल्या बहुतेक देवळांचे मांडव असेच आहेत, कारण इथल्या पावसाला पत्राच टिकतो. शिटीला मात्र याहून सोयीची जागा नाही.

मंडपवाल्याने स्पीकर ठेवायला चौथरे केलेत ते स्टेजच्या मागच्या रेषेत. दिसायला छान दिसतं. मी त्याला विनंती करतो, "भाऊ, हे दोन्ही पुढे घेऊया काय? माणूस उभा राहतो त्याच्या दोन पावलं तरी पुढे पाहिजेत." तो म्हणतो, पुढे घेतले तर बाजूला बसणाऱ्यांना देव दिसणार नाही. बोलणं होतं, विश्वस्तांपैकी एक तात्या येतात, तेही ऐकतात. शेवटी स्पीकर पुढे येतात आणि स्टँडवर उंच चढतात. तोंड थोडं खाली, लोकांच्या डोक्यांकडे. पत्र्याकडे जाणारा आवाज जितका कमी तितकं बरं. या अर्ध्या तासाच्या बोलण्याने जे साधतं ते दहा फिल्टर टाकून साधत नाही. म्हणून मी या वेळी घाई करत नाही आणि आवाजही चढवत नाही.

मग माईकची संख्या. समितीच्या यादीत दहा माईक लिहिलेत. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिटीशिवाय मिळणारा आवाज तीन डेसिबलने घटतो. हा साधा हिशोब आहे, त्यातून कुठलंही मशीन सुटका करत नाही. मी यादी वाचतो. झांजेला माईक कशाला? झांज आपोआप सगळ्यांच्या माईकमध्ये शिरते. सूत्रसंचालक आणि पाहुणे एकाच माईकवर बोलतील. तबल्याला दोन, पेटीला एक, बुवांना एक, साथीच्या गायकाला एक, एक पोडियमला. सहा झाले. त्यातही सत्काराच्या वेळी पाच बंद राहतील.

जागेप्रमाणे हा हिशोब बदलतो. थिबा राजवाड्याच्या आवारासारख्या उघड्या जागी वर छप्पर नसतं, आवाज आकाशात निघून जातो, तिथे शिटीचा त्रास कमी आणि वाऱ्याचा जास्त. सावरकर नाट्यगृहासारख्या बंद रंगमंचावर त्रास अंतराचा असतो. नाटकात माईक हातात धरत नाहीत. तो पायदिव्यांच्या रेषेत असतो किंवा वर टांगलेला असतो, नटापासून दोन मीटर. तोंडापासून दहा सेंटीमीटरवर असलेल्या माईकच्या मानाने त्याला २६ डेसिबल कमी आवाज मिळतो. तेवढी भर गेनमधून घालावी लागते आणि शिटी अगदी काठावर बसलेली असते. ज्यांचं नाव त्या नाट्यगृहाला आहे त्यांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत लिहिलेलं 'संन्यस्त खड्ग' १९३१ साली बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणलं. त्या पिढीचे गायकनट ध्वनिक्षेपकाच्या आधाराशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे. मला त्या गळ्यांबद्दल फार आदर वाटतो. आजच्या गळ्याला मी कमी लेखत नाही. आज पंखे आहेत, बाहेर रहदारी आहे आणि श्रोत्यांची सवयही बदलली आहे. पण नट पल्लेदार बोलला की माझं निम्मं काम झालेलं असतं, हे प्रत्येक साउंडवाला सांगेल.

दुपारी १२

वायरिंग. यावर फार लिहिण्यासारखं नाही. एकच गोष्ट सांगतो, कारण लोक नेहमी गल्लत करतात. स्पीकरमधून येणारी सततची जाड घूं म्हणजे फीडबॅक नव्हे. ती ५० किंवा १०० हर्ट्झची विजेची गुणगुण असते आणि अर्थिंग सुधारल्यावर जाते. तिच्यावर फिल्टर टाकणं चूक आहे. देवळाच्या बोर्डाचं अर्थिंग तपासतो, मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच लाइनवर घेतो, घूं संपते.

प्रोसेसर कुठे जोडायचा हा मात्र विचाराचा भाग. बरेच जण तो सगळ्यात शेवटी, मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मध्ये लावतात. मग पेटी, तबला, आधी वाजणारी सनईची टेप, सगळंच त्या फिल्टरांतून जातं. मी आवाजाच्या माईकांचा वेगळा गट करतो आणि प्रोसेसर त्या गटाच्या इन्सर्टवर लावतो. दुसरा चॅनेल बुवांच्या मॉनिटरला, म्हणजे त्यांना स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरला. ज्याला शिटीचा धोका आहे त्यालाच औषध, बाकीच्यांना नाही.

एक वाजता देवळातच प्रसादाचं जेवण. आमटी-भात, बटाट्याची भाजी, वर गोड शिरा. गुरवांच्या घरचं पाणी आलं आणि आम्ही दोनच्या आत उठलो.

दुपारी २

आता मांडव रिकामा आहे आणि मला हवा तसा आहे. रिकाम्या मांडवात आवाज जास्त घुमतो. रात्री माणसं बसली की त्यांचे कपडे नि अंगं बराच आवाज पिऊन टाकतात. म्हणजे आता जो आवाज शिटीशिवाय मिळेल तो रात्री थोड्या फरकाने जास्तच मिळेल.

मॉनिटरची जागा आधी. बुवांसाठी शुअर माईक ठेवला आहे. शुअर एसएम ५८ हा १९६६ पासून जगभर चाललेला माईक, त्याच्या पाठीमागच्या बाजूने येणारा आवाज तो सगळ्यात कमी घेतो. म्हणून मॉनिटर माईकच्या बरोबर पाठीशी, बुवांच्या समोर. याऐवजी बीटा ५८ असता तर पाठीमागे नेमका थोडा कान उघडा असतो आणि बहिरी जागा बाजूला सरकते, समोरच्या दिशेपासून साधारण १२५ अंशांवर. तिथे मॉनिटर तिरके दोन ठेवावे लागतात. माईक बदलला आणि मॉनिटर जागचा हलवला नाही, यातून आलेल्या शिट्या मी खूप ठिकाणी ऐकल्या आहेत.

मग प्रोसेसर चालू. जुने फिल्टर सगळे पुसून टाकतो. कालच्या मांडवाचे फिल्टर आजच्या मांडवात निव्वळ आवाज खातात. बारा फिल्टर वापरायचे ठरवतो. आठ पक्के, म्हणजे आत्ता बसून रात्रभर तिथेच राहणारे. चार फिरते, म्हणजे कार्यक्रमात नवी शिटी आली तर धावणारे आणि जागा संपली की सगळ्यात जुन्याला उठवून नव्या जागी बसणारे. इक्वलायझर सपाट. शंभर हर्ट्झच्या खालचं कापून टाकतो, माणसाच्या बोलण्याला ते लागत नाही.

मुलगा बुवांच्या जागी माईकपाशी उभा राहतो. हे आवश्यक आहे, कारण माईकसमोर अंग आलं की आवाजाचे रस्ते बदलतात. मी गटाचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, अगदी हळू वर नेतो. इतका हळू की मुलगा कंटाळतो. आधी नुसती हवा जड झाल्यासारखी वाटते, मग कुठेतरी एक सूर जन्म घेऊ लागतो. २५० च्या आसपास, हुंकारासारखा. पहिला दिवा लागतो, हुंकार थांबतो. अजून वर. ६३० ला एक. २५०० ला एक, पातळ आणि कानात घुसणारी. ही पत्र्याची देणगी. चौथा, पाचवा. सहाव्या फिल्टरच्या वेळी दोन शिट्या एकदम उठू लागतात आणि फेडर मात्र केसभरच वर सरकलेला असतो. इथे थांबायचं. आठ ठरवले होते म्हणून आठही भरलेच पाहिजेत असं नाही. पहिल्या तीन-चार फिल्टरांनी खरी कमाई होते, पुढच्यांनी आवाज पोखरला जातो. सगळं मिळून चार ते सहा डेसिबल जास्त मिळाले तर मशीनने आपलं काम चोख केलं असं मी मानतो. वीस डेसिबलची अपेक्षा ठेवणाऱ्याने स्पीकरची जागा बदलावी.

आता फेडर सहा डेसिबल खाली घेतो आणि पक्के फिल्टर लॉक करतो. खाली घेण्याचं कारण असं की शिटीच्या अगदी काठावर असलेला माईक शिटी मारत नसला तरी प्रत्येक शब्दाला एक धातूची शेपटी लावतो. ऐकणाऱ्याला कळत नाही काय चुकतंय, पण तासाभराने त्याचं डोकं दुखतं. मग स्वतः माईकवर बोलतो. 'श', 'स', 'ण', 'ळ' असलेली वाक्यं म्हणून बघतो. 'काळ' म्हटल्यावर काळ ऐकू आला पाहिजे.

दुपारी ४.३०

बुवा येतात. सोबत पेटीवाले, तबलावादक. बुवांना आम्ही दोघेही वाकून नमस्कार करतो आणि मी लगेच विचारतो, "बुवा, माईक स्टँडवर घेणार की अंगावर?" ते म्हणतात कॉलरचा बरा, हात मोकळे राहतात. मी हेडसेट पुढे करतो आणि समजावून सांगतो. कॉलरचा माईक तोंडापासून वीस सेंटीमीटरवर, हेडसेटचा तीनवर. फरक सोळा डेसिबलचा. शिवाय कॉलरच्या माईकवर उपरणं घासतं आणि प्रत्येक हालचालीला खरखर होते. बुवा हेडसेट लावून दोन आर्या म्हणतात आणि मान डोलावतात. स्टँडचा माईक राखीव ठेवतो.

आणि मग ती गोष्ट घडते जिच्यासाठी मला हा तास नेहमी हवा असतो. पेटीवाल्यांनी काळी एक धरली. बुवांनी आवाज लावायला तारषड्जावर ओठ मिटून मकार धरला. सुरेख, निश्चल, लांब. आणि फिरत्या फिल्टरचा दिवा लागला. मशीनच्या पडद्यावर आकडा आला २७७ हर्ट्झ. तो काळी एकचा षड्ज आहे. मिटल्या ओठांच्या सुरात उपसूर फार थोडे असतात, सूर हलत नाही, थोडा वाढतोही. मशीनच्या दृष्टीने ती शिटीच ठरते. मशीनने बुवांच्या षड्जावरच फिल्टर बसवला.

मी तो लगेच पुसतो. राहिला असता तर काय झालं असतं याचा विचार करा. कीर्तनभर बुवा जेव्हा जेव्हा तारषड्जाला पोहोचले असते तेव्हा नेमका तोच सूर खाली बसला असता. त्यांना मॉनिटरमधून स्वतःचा षड्ज ऐकू आला नसता, त्यांनी जोर लावला असता आणि दुसऱ्या दिवशी घसा बसला असता. श्रोते म्हणाले असते, बुवांचा आवाज आज लागला नाही. दोष कोणालाच दिसला नसता. पेटीच्या सुरात उपसूर भरपूर म्हणून मशीन तिथे सहसा फसत नाही. बासरी, शंख, मकार, ओंकार यांनी ते हमखास फसतं. ज्या देशांत ही यंत्रं घडली तिथल्या भाषणांना आणि बँडला ती छान चालतात. आपलं गाणं एका स्थिर सुरावर उभं आहे, म्हणून आपल्याकडे ही काळजी जास्त घ्यावी लागते. माझं ठाम मत आहे की कीर्तनात, नाट्यसंगीतात, ख्यालाच्या बैठकीत फिरते फिल्टर मोकळे सोडून ऑपरेटरने चहाला जाऊ नये.

बुवांना विचारतो, आख्यान कुठलं, शंख कधी, गजर कधी. ते एकेक सांगतात. मी वहीत लिहितो.

संध्याकाळी ६

सत्कार. दिवसातली सगळ्यात धोक्याची वेळ हीच, कारण आता माईक ज्यांच्या हातात जाणार त्यांना माईकची सवय नाही. एक पाहुणे माईकची जाळी मुठीत धरतात. जाळीच्या मागच्या बाजूने जी हवा आत जायला हवी ती अडली की माईकची दिशा ओळखण्याची शक्ती जाते, तो चहूकडचं ऐकू लागतो आणि बोंबलायला तयार होतो. मी त्यांचं बोट जाळीवर सरकताना पाहतो आणि फेडर आधीच थोडा खाली घेतो. मुलगा पायरीवर जाऊन हळूच सांगतो, "साहेब, माईक थोडा खाली धरता काय?" ते लगेच धरतात. समजावून सांगितलं तरी ऐकत नाही असा माणूस मला क्वचितच भेटला.

सत्कारमूर्ती आजी हार घालून घेताना हातात माईक घेऊन स्पीकरच्या समोर उतरतात. इथे मशीनची वाट बघायची नाही. त्यांचं पहिलं पाऊल पायरीवर पडायच्या आत फेडर खाली. त्या वर आल्या की पुन्हा वर. भाषणांच्या वेळी चारही फिरते फिल्टर चालू आहेत. बोलण्यात लांब स्थिर सूर नसतो म्हणून मशीन इथे विश्वासाने वापरता येतं. तासाभरात एक फिरता दिवा लागला, एकदाच, आणि लोकांना काही कळलंही नाही.

संध्याकाळी ७.१५

बुवा उभे राहिले. नमन झालं. फिरते फिल्टर मी लॉक केले आहेत, बोट मात्र बटणापाशी.

पूर्वरंग शांत जातो. निरूपण आहे, आवाज मध्यम, मांडव भरलेला. माणसं आल्यामुळे घुमणं कमी झालंय, म्हणून दुपारी २५० वर टाकलेला फिल्टर मी थोडा उथळ करतो. बुवांच्या आवाजाला खर्जात अंग येतं. मागे बसलेल्या एका बाईंनी मान हलवली, त्यांनाही फरक जाणवला असावा.

साडेआठच्या पुढे गारवा उतरतो. दुपारी दोनला ३२ अंश होतं, आता २४ च्या आसपास. आवाजाचा वेग तापमानाबरोबर बदलतो, दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. आठ अंशांनी वेग साधारण १.४ टक्क्यांनी घटतो. लाट जुळण्याच्या जागाही तेवढ्याच सरकतात. २५०० ची जागा ३५ हर्ट्झने खाली येते आणि दुपारी तिथे टाकलेला अरुंद फिल्टर सुमारे २२ हर्ट्झ रुंद आहे. म्हणजे शिटी फिल्टरच्या बाजूने निसटू शकते. पक्क्या फिल्टरवर रात्रभर विसंबून राहणाऱ्यांना उत्तररंगातच धक्का बसतो तो यामुळे. बुवा मध्यंतराच्या गजराला आले, लोक टाळ्या देऊ लागले, त्या गोंगाटात मी दोन फिरते फिल्टर उघडले. अपेक्षेप्रमाणे एक २४६० च्या जवळ बसला. पुन्हा लॉक.

उत्तररंगात आख्यान पेटलं. बुवा एका बाजूला वळतात, युद्धाचं वर्णन आहे, आवाज टिपेला. हेडसेट बरोबर फिरतो म्हणून मला फेडरशी फार झुंजावं लागत नाही. स्पीकरच्या रेषेपुढे मात्र ते येऊ नयेत म्हणून दुपारीच गालिच्याच्या कडेला पांढरी पट्टी लावून दाखवली होती. ते ती पाळतात. कलाकाराने एवढं मनावर घेतलं की मला त्यांच्यासाठी वाट्टेल ते करावंसं वाटतं.

पावणेदहाला आरती. गुरव शंख घेऊन थेट बुवांच्या राखीव माईकपाशी उभे. तो माईक बंद, फिरते फिल्टर लॉक. शंख मशीनशिवाय, स्वतःच्या बळावर मांडवभर घुमला. तसाच तो ऐकावा.

रात्री १०

बंद. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सरकारने ठरवून दिलेल्या मोजक्या दिवसांचीच सवलत असते. शेजारच्या घरात लहान मूल असतं, आजारी माणूस असतो. दहा म्हणजे दहा. समितीतले तरुण "अजून एक भजन" म्हणतात, मी हात जोडतो.

आवरताना प्रोसेसर बंद करण्याआधी पडद्यावरचे आकडे वहीत उतरवतो. जागा, तारीख, छप्पर कसलं, पहिली शिटी कितीवर, दुसरी कितीवर. पुढच्या माघात इथे आलो तर स्पीकर कुठे ठेवायचे ते आधीच ठरलेलं असेल.

रात्री ११.३०

गोडाउन. माईकच्या जाळ्या उघडून पुसतो, फोम वाळत टाकतो, कोरड्या पुड्या घालून पेट्या बंद करतो. मुलगा विचारतो, उद्या किती वाजता. उद्या सुट्टी.

उत्सव, संमेलनं, नाट्यप्रयोग ठरवणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. कार्यक्रमपत्रिका छापताना साउंडवाल्यासाठी दुपारचे दोन तास राखून ठेवा, त्या वेळेत मांडवात सजावटीचं ठोकाठोकीचं काम नको, टेप नको. स्पीकर कुठे राहणार ते मंडपवाल्याला सांगण्याआधी आम्हाला विचारा. आणि माईक हातात येईल तेव्हा तो जाळीच्या खाली धरा, तोंडाजवळ धरा, फुंकर मारू नका, स्पीकरसमोर जाऊ नका. एवढं झालं तर निम्म्या कार्यक्रमांत त्या पेटीतला एकही फिरता दिवा लागणार नाही.